एकाच लॉकरमध्ये अकरा जण

दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा जोड्या बदलायची मुदत उलटून गेली होती. लग्नातल्या जोडीची नव्हे, प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या कोर्सातल्या जोडीची. लग्नातली जोडी मोडायला कायद्यात सोय आहे, वकील आहेत, ‘आम्हाला आधीच वाटलं होतं’ म्हणणारे नातेवाईक आहेत. कोर्सातली जोडी मात्र एकदा यादी लागली की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

सोयीसाठी आपण त्यांना नवरा आणि बायको म्हणू. त्यांना स्वतःला आता एकमेकांना काय म्हणावं ते कळत नव्हतं, त्यामुळे ती दोघं ‘अरे’ आणि ‘अगं’वर भागवत होती.

नवरा ऑफिसाऑफिसांत फिरून झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचा. बायको एका लॅबमध्ये तपासणीसाठी लोकांचं रक्त काढायची. त्याला बघून लोक म्हणायचे, “आलात का एकदाचे!” तिला बघून म्हणायचे, “हळू हां.” पहिला कोर्स दोघांनी हौसेने केला होता. बाकीची जोडपी नाच शिकतात, ही पाढे छापायचा प्रोग्रॅम शिकली. पहिल्या कोर्सात सगळं एकाच फाइलमध्ये मावतं. वरून वाचत यायचं, खाली पोचलं की संपलं. एका खोलीतला संसार. काय कुठे ठेवलंय ते अंधारातही हाताला लागतं.

दुसऱ्या कोर्सात पहिल्याच तासाला सरांनी सांगून टाकलं, “मोठं ऍप्लिकेशन म्हणजे लहान प्रोग्रॅममध्ये हवा भरून फुगवलेला फुगा नव्हे. मोठ्यात भिंती लागतात. तुझा भाग तू लिही, माझा मी. मधे एक खिडकी. खिडकीतून काय विचारायचं आणि काय उत्तर द्यायचं, एवढं दोघांनी बसून ठरवा. पलीकडचा माणूस पायावर उभा आहे की डोक्यावर, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आत डोकावायचं नाही.”

सरांचं खरं आडनाव कुणी वापरत नसे. वर्ग त्यांना उपटेसर म्हणायचा, कारण त्यांच्या परीक्षेची एक रीत होती. जोडीचं काम पुरं झालं की सर आधी ते चालवून बघायचे. मग एकेकाचा भाग मुळासकट उपटून बाजूला काढायचे आणि पुन्हा चालवायचे. भाग काढूनही गाडी तशीच धावली, तर त्या माणसाने काही केलंच नाही असं धरून जोडी नापास. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून मान डोलवायची, ही मानवजातीची जुनी आणि यशस्वी पद्धत त्यांच्यापुढे चालत नसे. तरले तर दोघं, बुडाले तर दोघं.

तर जोडी बदलून मागायला दोघं सरांकडे गेली.

“सर, आम्ही वेगळे होतोय,” बायको म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “कशात?”

“संसारात.”

“हं. घटस्फोट?”

“हो,” नवरा म्हणाला.

“वाईट झालं.” सरांनी थोडं थांबून रीतसर वाईट वाटून घेतलं. “पण जोडी बदलता येणार नाही. नावं सर्व्हरवर चढलीत. आणि खरं सांगू? मी तुमचं पहिलं काम बघितलंय. तुम्ही सारखे एकमेकांच्या फाइलींत घुसत होतात. हिने खुर्ची सरकवली की तुझं कपाट पडायचं. आता जरा अंतर राहील.”

“म्हणजे वेगळं झालेलं बरं?” बायकोने विचारलं.

“ऍप्लिकेशनच्या दृष्टीने,” सर म्हणाले. “बाकीचं माझ्या विषयात येत नाही.”

वेगळं व्हायचं कारण विचाराल, तर तसं काही नव्हतं, आणि तेच कारण होतं. भांडायलाही दोन माणसं लागतात. नवरा कशालाही ‘हो’ म्हणायचा. नळ गळतोय, बघशील? हो. मावशीकडे जायचंय, येशील? हो. तुझं लक्ष आहे का माझ्याकडे? हो. नळ गळतच राहायचा, मावशी वाट बघून जेवून घ्यायची. शेवटी एके दिवशी बायको अगदी शांतपणे म्हणाली, “तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद लिफ्टचं बटण दाबणं आहे रे. दिवा लागतो. लिफ्ट येत नाही.”

नवऱ्याने विचार केला आणि म्हणाला, “हो, खरंय.”

त्या आठवड्यात तिने आतली खोली घेतली, त्याच्याकडे बाहेरची राहिली. फ्रिजचे कप्पे वाटून घेतले. अंड्यांचा कप्पा सामायिक ठेवला, कारण अंडी फोडल्याशिवाय कुणाची ते कळत नाही, आणि फोडल्यावरही नाही.

नवऱ्याला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्याने प्रयत्न करून पाहिला. लग्नाचे फोटो काढून बसला, तर फोटोतल्या हॉलचे पंखे फार खाली लावलेत एवढंच लक्षात आलं. एका संध्याकाळी स्वयंपाक करताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो आशेने थांबला. मग हातातल्या कांद्याकडे लक्ष गेलं. दर रविवारी त्याच्या आईचा फोन यायचा, “सूनबाई बरी आहे ना?” आणि तो म्हणायचा, “हो.” ते खोटंही नव्हतं. ती बरीच होती.

आता गोष्टीतला पेच. बायकोला दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीत नोकरी मिळत होती. ती कंपनी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि सुई आणि कोड दोन्ही कळणारं माणूस त्यांना हवं होतं. अट एकच: दुसरा कोर्स पास झाल्याचा दाखला. तो मिळाला की ती जाणार. नाही मिळाला तर जागा दुसऱ्या कुणाला, आणि ती इथेच, आतल्या खोलीत, मधल्या दाराच्या पलीकडे. आणि दाखला मिळायचा तर नवऱ्याचा भाग पुरा व्हायला हवा होता. थोडक्यात, बायकोने आपल्याला सोडून जाण्यासाठी लागणारं अर्धं काम नवऱ्याला स्वतः करायचं होतं, तेही संध्याकाळी, कामावरून आल्यावर.

काम होतं जलतरण तलावाच्या लॉकरांचं. बायकोचा भाग म्हणजे काउंटर: माणूस येतो, लॉकर मागतो, किल्ली घेतो, पोहून आला की परत देतो. नवऱ्याचा भाग म्हणजे लॉकरांचा साठा: कुठलं भरलंय, कुठलं रिकामं, कोण कुठली किल्ली घेऊन गेलंय. खिडकीतून काउंटर विचारणार, “हे लॉकर रिकामं आहे का?” साठा उत्तर देणार.

आता, एकाचं होईपर्यंत दुसऱ्याचं अडू नये म्हणून सरांनीच एक युक्ती शिकवली होती. आपला भाग तयार नसेल तर त्या जागी डमी बसवायची. दुकानात कपडे घालून उभा असतो ना पुतळा, तशी. आत काही नाही, पण विचारलं की ठरलेलं उत्तर देते. नवऱ्याने त्याच दिवशी डमी बसवली. कुठल्याही लॉकरबद्दल, कुणीही, कधीही विचारलं तरी ती म्हणायची, “हो, रिकामं आहे.” डोक्यावर त्याने एक ओळ टाकली: तात्पुरतं. उद्या बदलणे.

तो उद्या काही उजाडेना.

वर्गाच्या भिंतीवर एक पडदा होता. प्रत्येक जोडीच्या चाचण्या त्यावर ओळीने दिसायच्या. जमलेली हिरवी, न जमलेली लाल. बायको रोज काहीतरी लिहायची आणि तिच्या हिरव्या ओळी वाढत जायच्या. माणूस किल्ली हरवून आला तर. माणूस तलाव बंद झाल्यावर आला तर. माणूस ओला आला तर (ही तिने का लिहिली ते कुणालाच कळलं नाही, पण हिरवी होती). फक्त एक ओळ लाल राहिली: दिलेलंच लॉकर दुसऱ्याने मागितलं तर ‘नाही’ म्हणावं. नवऱ्याच्या डमीला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

ती ओळ बायकोला दिसत होती. नवऱ्यालाही. बायको रोज पडद्याकडे बघायची, मग आपल्या कामाला लागायची. सर मागून जाताना विचारायचे, “ते लाल काय दिसतंय?” नवरा म्हणायचा, “हो, करतो.” मग संगणकासमोर बसायचा, त्या एका ओळीकडे बघायचा, आणि तास संपायचा.

एकदा त्याच्या मनात आलं, हे आपण मुद्दाम तर करत नाही? नाही केलं तर ती राहते. त्याने स्वतःला सरळ विचारून पाहिलं. आतून उत्तर आलं नाही. ‘हो’सुद्धा नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सरांनी रंगीत तालीम घेतली. प्रत्येक जोडीचं ऍप्लिकेशन बाकीच्यांनी वापरून बघायचं. यांची पाळी आली तेव्हा वर्ग पोहायला आल्यासारखा रांग लावून उभा राहिला. पहिला होता नवरदेव. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, पण तो रोज कडक इस्त्री आणि अत्तर लावून यायचा म्हणून ते नाव. त्याने लॉकर मागितलं. एक नंबर मिळालं. मागच्या मुलीलाही एक नंबर. तिच्या मागच्या टक्कलवाल्या काकांनाही एक नंबर. ऍप्लिकेशन प्रत्येकाला तितक्याच आपुलकीने एक नंबर देत गेलं. अकरा जण झाले तेव्हा सरांनी हात वर केला.

“सर, आम्ही आत शिरलोय,” नवरदेव म्हणाला, “पण दार लागत नाहीये.”

“काका, पोट आत घ्या जरा,” मागून कुणीतरी.

“माझी चड्डी कुणी घातली ते आधी सांगा!” काका ओरडले, आणि वर्ग खो-खो हसायला लागला. नवराही हसला. प्रसंग खरंच विनोदी होता, आणि त्याला त्यात स्वतःचा काही संबंध असल्यासारखं वाटत नव्हतं.

“हे कुणाच्या भागात?” सरांनी विचारलं.

“आमच्या,” बायको म्हणाली.

“‘आमच्या’ असा भाग नसतो. भिंत कशाला घातली मग? कुणाच्या?”

ती नवऱ्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हती. बोट दाखवलं असतं तर चाललं असतं. पडद्यावर नावासकट दिसत होतं, वर्गालाही ठाऊक होतं. “आमच्याच, सर,” ती पुन्हा म्हणाली. “परीक्षेपर्यंत होईल.”

होईल हे ती कशाच्या जोरावर म्हणाली ते नवऱ्याला कळेना. दुसऱ्या दिवशी एका विमा कंपनीत यंत्राच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढताना तो त्याच विचारात होता. तिथला कारकून म्हणाला, “होईल ना हो आज?” नवरा सवयीने हो म्हणणार होता. पण त्याने आधी नीट आत बघितलं. एक दातेरी चाक झिजलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “चाक मागवावं लागेल. गुरुवारी.”

कारकुनाचा चेहरा पडला, पण त्याने गुरुवार लिहून घेतला. बाकी जग जागच्या जागी होतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने डमी पुसली. आधी फक्त भरलेल्या लॉकरांची नोंद केली, वाटलं झालं. झालं नव्हतं. काउंटरवर एकाच क्षणी दोघांनी एकच लॉकर मागितलं की दोघांनाही ते रिकामं दिसायचं, कारण पहिल्याचं नाव लागायच्या आधीच दुसऱ्याला उत्तर गेलेलं असायचं. म्हणजे नुसतं ‘रिकामं आहे’ सांगून भागत नव्हतं. सांगताक्षणी ते लॉकर त्या माणसासाठी धरून ठेवायला हवं होतं. मग त्या माणसाने ते घेतलंच नाही तर सोडून द्यायला हवं होतं. धरायचं केव्हा आणि सोडायचं केव्हा, यात त्याच्या पुढच्या दोन-तीन संध्याकाळी गेल्या. एवढा वेळ एकाच गोष्टीकडे त्याने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. भूक लागल्याचंही त्याला कळलं, हे जरा नवीन होतं.

शेवटच्या संध्याकाळी तो घरी बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याने सगळं सर्व्हरवर चढवलं. ओळ हिरवी झाली. हिरवी म्हणजे काय, ते त्याला नीट ठाऊक होतं. तरी त्याने पुन्हा एकदा चाचणी चालवून खात्री केली.

बायको पाण्याची बाटली भरायला बाहेर आली. हातात फोन होता.

“हिरवं झालं,” ती म्हणाली.

“झालं.”

“दोघं एकदम आले तर?”

“एकाला मिळतं. दुसऱ्याला नाही म्हणतो.”

“बरं.” तिने बाटली भरली, झाकण लावलं. “जेवलास का?” असं काहीतरी विचारेल असं त्याला वाटलं. ती आत गेली.

परीक्षेला सरांनी आधी ऍप्लिकेशन चालवलं. अकरा जणांना अकरा लॉकर मिळाली. “अरेरे,” नवरदेव म्हणाला, “आता एकट्याने पोहावं लागणार.” मग सरांनी बायकोचा भाग उपटला. काउंटरच नाहीसा झाला. लॉकरं अंधारात आपली आपण शिस्तीत उभी राहिली असणार, पण विचारायला कुणी नव्हतं. “ठीक,” सर म्हणाले. तिचा भाग परत बसवला आणि नवऱ्याचा उपटला.

ऍप्लिकेशन कोसळलं नाही. काउंटर तसाच उघडा. सरांनी एक लॉकर मागितलं. पडद्यावर आलं: कृपया थांबा. विचारत आहे.

सर थांबले. वर्ग थांबला. नवऱ्याने मनात हिशेब केला. त्याच्याशिवाय चाललं, म्हणजे नापास. पण किल्लीही मिळत नव्हती. नुसतं ‘थांबा’, आणि पुढे एक ठिपका, मग दोन, मग तीन, मग पुन्हा एक.

“लटकलं,” काका कुजबुजले.

“लटकलेलं नाही,” बायको म्हणाली. “वाट बघतंय.”

“कुणाची?”

“पलीकडच्या भागाची. उत्तर येईल म्हणून.”

ठिपके चालूच. कुणाची तरी खुर्ची वाजली. बाकी सगळ्या जोड्यांनी अशा जागी दोन-चार सेकंद ठेवले होते; सरांनीच तसं सांगितलं होतं, माणूस त्याहून जास्त थांबत नाही म्हणून. इथे सरांनी घड्याळ बघितलं, खाली ठेवलं, पुन्हा बघितलं. नवरा ठिपक्यांकडे बघत होता. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. भिंतीच्या या बाजूने त्याने हे कधी बघितलंच नव्हतं.

मग ठिपके थांबले. पडद्यावर आलं: उत्तर आलं नाही. काउंटर बंद करत आहे. तसदीबद्दल क्षमस्व. आणि काउंटर बंद झाला, आपल्याकडून दिलेल्या किल्ल्यांची नोंद नीट जपून ठेवून, एकही न हरवता.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे उत्तम आहे. एक भाग गेला म्हणून दुसऱ्याने गळा काढला नाही, जमेल ते आवरून दार लावून घेतलं. मोठ्या कामात हेच हवं. पास, दोघंही.” मग त्यांनी कोडात बघितलं. “पण पूर्ण मिनिट? अगं, कोण एवढं थांबतं?”

“आधी मर्यादाच घातली नव्हती, सर,” बायको म्हणाली. “मग घातली.”

“बरोबर केलंस,” सर म्हणाले आणि गुण लिहायला लागले.

बाहेर जिन्यात दोघं एकमेकांशेजारून उतरली.

“कधी निघतेस?” नवऱ्याने विचारलं.

“रविवारी. दादा टेम्पो आणतोय.”

“मी हात लावू का?”

“कपाट जड आहे,” ती म्हणाली.

रविवारी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. बहिणीच्या होऊ घातलेल्या माजी नवऱ्याला काय म्हणावं याची त्याने वाटेत तयारी केली असावी, पण ऐन वेळी सगळं विसरला. “भाऊजी... म्हणजे... अहो, वरची बाजू धरता का?” सकाळीच नवऱ्याच्या आईचा फोन येऊन गेला होता. सूनबाई बरी आहे ना, या प्रश्नावर नवरा म्हणाला होता, “आई, जरा बस. सांगायचंय.” त्यात अर्धी सकाळ गेली.

कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. मेहुणा म्हणाला तिरकं करा, नवऱ्याने तिरकं केलं, आणि त्याचं बोट कपाट आणि भिंतीच्या मधे सापडलं. तो नुसता बघत राहिला.

“भाऊजी, बोट!” मेहुणा ओरडला. “अहो, बोट!”

बायको वरून धावत आली. भावाबहिणींनी कपाट इंचभर मागे ओढलं. तिने त्याचा हात धरला, लॅबमध्ये अनोळखी माणसाचा धरतात तसा, मनगटाखाली एक हात देऊन, आणि बोटाचं एकेक पेर दाबून पाहिलं.

“मोडलेलं नाही. दुखतंय?”

नवऱ्याने आधी नीट बघून घेतलं.

“खूप,” तो म्हणाला. “फार दुखतंय गं.”

तिने हात सोडला नाही. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकघर आणि त्यातले कांदे दोन मजले वर होते.

“मी कपाट एकट्याने धरून उभा आहे,” खालून मेहुण्याचा दबलेला आवाज आला. “घाई नाही. नुसतं कानावर घालतो.”

तिने पर्समधून पट्टी काढली, बोटाला गुंडाळली, टोक आत खोचलं. नवऱ्याने दुसरा हात कपाटाखाली घातला. तिनेही त्याच्याशेजारी वरची बाजू धरली.

“उचलू?” मेहुण्याने विचारलं.

“थांब,” नवरा म्हणाला. “पकड नीट नाहीये माझी.” त्याने पकड बदलली. “आता उचल.”